सावरणारी नायिका परकी नाही

नवऱ्याच्या छळातून सुटलेली बाई लहानशा गावात येते, तिथे एखादा समंजस पुरुष भेटतो आणि हळूहळू ती पुन्हा माणसांत येते. अशा प्रेमकादंबऱ्यांना आपले जाणते वाचक नाक मुरडतात. हा साचा इंग्रजी पुस्तकांतून उचललेला आहे, कोकणात असलं काही घडत नाही, असं ते म्हणतात. शिवाय एका पुरुषाने केलेल्या जखमेवर दुसऱ्या पुरुषाचं औषध सांगणं ही बाईची फसवणूक आहे, असाही आक्षेप असतो. पहिलं म्हणणं मला साफ अमान्य आहे. दुसरं गंभीर आहे, पण त्याचं उत्तर पहिल्याच्या खंडनातच सापडतं.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरुखच्या गोदूबाई जोशी लहानपणीच विधवा झाल्या. त्यांचा छळ नवऱ्याने नव्हे, रूढीने केला, हा फरक मान्यच आहे. पण उमेदीची वर्षं सासरच्या कामात आणि सोवळेपणात गेली, ती जखम लहान नव्हती. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, तेव्हा तिथे आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे याच गोदूबाई. तिथे त्या शिकल्या. त्यानंतर, 1893 मध्ये, त्यांनी मुरुडच्या धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई, म्हणजे सगळ्यांच्या बाया कर्वे, झाल्या. मुरुडने या जोडप्यावर बहिष्कार घातला. कर्व्यांना घरात घेतलं तर घरच्यांनाही वाळीत टाकू, अशी धमकी गावाने दिली. तरीही तो संसार उभा राहिला, आणि पुढे बायांनी ‘माझे पुराण’ स्वतःच्या शब्दांत सांगितलं. या हकिकतीत लहान गाव आहे, दुखावलेली बाई आहे, नवा सोबती आहे. इंग्रजी कादंबरीतून काय उसनं घ्यायचं राहिलं?

हीच वाट पुढे साहित्यातही आली. कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत शिकलेल्या बाळूताई खरे, म्हणजे मालतीबाई बेडेकर, यांनी विभावरी शिरूरकर या नावाने 1934 मध्ये ‘हिंदोळ्यावर’ लिहिली. नवऱ्यापासून दुरावलेली अचला दुसऱ्या पुरुषावर प्रेम करते आणि आई होण्याचा हक्क मागते. त्या काळी मुंबई इलाख्यात अचलेसारख्या बाईला घटस्फोटाचा कायदाच नव्हता. तो 1947 मध्ये आला. म्हणजे कायद्याने जे दिलं नव्हतं ते कादंबरीने तेरा वर्षं आधी मागितलं. याला पळवाट म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दापोलीकडच्या श्री. ना. पेंडशांची ‘रथचक्र’ आपण डोक्यावर घेतली, आणि ते योग्यच झालं. तिच्यातल्या नायिकेला नाव नाही. नवरा घर सोडून गेल्यावर ती मुलांच्या शिक्षणासाठी एकत्र कुटुंबातून बाहेर पडते. टाकलेली बाई मुलांसाठी झिजली की आपल्याला ते थोर वास्तव वाटतं. तीच बाई स्वतःसाठी हसू लागली की मात्र ते हलकंफुलकं ठरतं. माझ्या मते हा निकष साहित्याचा नाही. सोसणाऱ्या बाईलाच मान द्यायची सवय त्यामागे आहे.

आता दुसरा आक्षेप. नुसतं प्रेम आणि नुसतं समुद्रकाठचं गाव बाईला तारत नाही, याचा पुरावा रत्नागिरीतच आहे. इथे स्थानबद्ध असलेल्या ब्रह्मदेशाच्या थिबा राजाची थोरली मुलगी तिथल्याच एका विवाहित चाकरावर जीव जडवून बसली. राजाच्या मृत्यूनंतर कुटुंब मायदेशी गेलं, पण ती रत्नागिरीला परत आली आणि 1947 मध्ये तिथेच दारिद्र्यात वारली. बायांच्या पाठीशी लग्नाआधी शारदा सदन होतं. राजकन्येच्या पाठीशी असं काहीच नव्हतं. म्हणून फसवी ठरते ती जोडीदाराला औषध करणारी कादंबरी. बाई आधी शिकते, कमावते, हक्काचं छप्पर मिळवते आणि मग प्रेम करते, अशी कादंबरी खोटी नसते.

आणि आज छपराचा प्रश्न कायद्यानेही सोडवायला घेतला आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. घर बाईच्या नावावर नसलं तरी सामाईक घरात राहण्याचा हक्क तो तिला देतो. संरक्षण अधिकारी, निवासाचा आदेश, खर्चाची रक्कम हे सगळं त्यात आहे. आपल्या कादंबऱ्यांत हे क्वचित येतं, तिथे पाऊस आणि गाज मात्र पानोपानी असते. वाडीतली कुजबुज, भाड्याची खोली देताना ‘मिस्टर कुठे असतात?’ म्हणून विचारणारी घरमालकीण, आंब्याच्या हंगामात पेट्या भरण्याच्या कामावर मिळालेली पहिली मजुरी, कोर्टाची तारीख चुकू नये म्हणून धरलेली पहाटेची एसटी, हे लिहिलं तर तिचं सावरणं वाचकाला पटेल.

रत्नागिरीच्या लेखकांनी ही कादंबरी लाजत न लिहिता पूर्ण ताकदीने लिहावी. तिचा शेवट सुखाचा करायलाही कचरू नये.