भाकरतुकड्यावर वाढलेली जात

पॉमेरेनियन नाहीतर पग पाळणारे हल्ली मला विचारतात, 'याला कच्चं मांस द्यावं का? मूळचा लांडगाच ना तो!' मंडळी, बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात, मळ्यांतून, मी कुत्री पाहत आलो ती शिळ्या भाकरीवर नि ताकावर जगणारी. मांस मिळे ते खाटकानं फेकलेलं. २०१३ साली 'नेचर'मध्ये स्वीडिश संशोधकांनी दाखवलं, की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्याहून कुत्र्यात कितीतरी जास्त असतात. माणसाच्या शेतीबरोबर त्याचं पोटही बदललं! कच्च्या आहाराचा पुकारा अलीकडचा. ऑस्ट्रेलियाचे पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांचं पुस्तक १९९३चं.

खाटकानं फेकलेल्या त्या काळीज-फुफ्फुसात मात्र कधी पाण्याच्या गाठी असतात. त्या खाल्ल्या की कुत्र्याच्या आतड्यात फीतकृमी वाढतो, अंडी विष्ठेतून पडतात, आणि हात न धुतलेल्या पोराच्या यकृतात तीच गाठ धरते. मटण द्यायचंच तर पूर्ण शिजवून, हाडं काढून. रश्श्यातलं मात्र नको: आपल्या जुन्नरचा कांदा कच्चा असो वा शिजलेला, कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतो, आणि तीन किलोच्या जिवाला तो थोडासाही पुरतो.