पाटणचा मठ व गणिताध्ययनाची तरतूद

खानदेशांत चाळीसगांवानजीक पाटण येथें भवानीच्या देवळांत सांपडलेला शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनीं इ. स. १८६५ त प्रसिद्ध केला व पुढें कीलहॉर्न यांनीं त्याचें संपादन केलें. भास्कराचार्यांच्या वंशावळीसाठीं तो वारंवार वाचिला जातो. आम्ही येथें त्याच्या अखेरच्या मराठी ओळींकडे वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

भास्कराचार्यांनीं शके १०७२ (इ. स. ११५०) मध्यें, वयाच्या ३६ व्या वर्षीं, सिद्धान्तशिरोमणि रचिला. त्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांस यादव राजा जैत्रपालानें आपल्या सभेंत नेलें. नातू चंगदेव हा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी झाला. आजोबांच्या ग्रंथांचें अध्यापन अखंड चालावें म्हणून चंगदेवानें मठ स्थापिला, आणि शके ११२८, प्रभव संवत्सरीं, श्रावणी पौर्णिमेस चंद्रग्रहणाच्या पर्वावर निकुंभवंशीय सोइदेवानें त्यास दान दिलें.

वंशाचें व विद्येचें वर्णन संस्कृतांत आहे. देण्याचा तपशील मात्र मराठींत. पाटणांत जें केणें, म्हणजे विक्रीचा माल, येईल त्यावर ग्राहकाकडून राउळास मिळणारें उत्पन्न मठास दिलें आहे. घाण्यांमागें पळी पळी तेल ठरविलें आहे. भाषा कां बदलली, हें उघड आहे. ज्यांनीं द्यावयाचें, त्यांस तें समजलें पाहिजे.

या ओळी क्षुल्लक नव्हेत. बाजारापुरता हिशेब अल्पकाळांत येतो. पण ग्रहगणित व गोल यांत गति येण्यास वर्षें लागतात, आणि तोंवर विद्यार्थ्यास अन्न व रात्रीं दिवा लागतो. बुद्धि असूनही केवळ पोटासाठीं गणित अर्ध्यावर टाकणारे विद्यार्थी आम्हीं अध्यापनाच्या काळांत पुष्कळ पाहिले. चंगदेवानें ही अडचण आधींच ओळखिली, असें आम्हांस वाटतें. लीलावतींत व्याज, मिश्रण व धान्याच्या राशी यांचीं उदाहरणें आहेत. ज्या बाजारांतून तीं उचललीं, तशाच एका बाजारानें त्या ग्रंथकाराच्या विद्येचा भार उचलिला.

म्हणून संग्राहकांस एक विनंति. लीलावतीची पोथी आपण रेशमी रुमालांत बांधून ठेवितों. त्याच घरचीं वर्षासनाचीं व जमाखर्चाचीं कागदें मात्र रद्दींत जातात. पोथींत काय शिकविलें तें कळतें. शिकणारा कशावर जगला, तें या कागदांवरूनच कळावयाचें. दोन्ही एकाच दप्तरांत राहिलीं पाहिजेत.