संगमावरील पुराचे गणित

विसर्ग म्हणजे नदीच्या एका छेदातून दर सेकंदाला वाहणाऱ्या पाण्याचे आकारमान. पातळी म्हणजे तेथील जलपृष्ठाची उंची. लोक पूर पातळीवरून ओळखतात (नरसोबाच्या वाडीचा दक्षिणद्वार सोहळाही, म्हणजे पुराचे पाणी मंदिरातून दक्षिणद्वाराने बाहेर पडण्याचा प्रसंग, पातळीवरच ठरतो), गणित मात्र बहुधा विसर्गापासून आरंभ करते.

एकाच प्रवाहात पूर पुढे सरकतो तेव्हा त्याचे शिखर विलंबाने पोहोचते आणि वाटेत पाणी साठत गेल्याने खुजे होते. १९३८ मध्ये मॅकार्थी यांनी मांडलेली मस्किंगम पद्धती हे दोन परिणाम दोन गुणांकांत बांधते. पहिला प्रवासकाळ, दुसरा, ० ते ०.५ या मर्यादेतला, साठ्यावर आवकेचा प्रभाव किती हे सांगणारा. दुसरा शून्य असेल, तर नदीचा तो पट्टा जलाशयासारखा वागतो.

शाखायुक्त नदीत प्रत्येक संगमावर दोन अटी येतात: (१) विसर्गांची बेरीज होते, (२) पातळी सर्व शाखांना समान असते.

पहिली अट कालसापेक्ष आहे. समजा, एका शाखेचे शिखर सेकंदाला १००० घनमीटर व दुसरीचे ६०० आहे. दोन्ही एकाच वेळी आली, तर १६००. पहिलीचे शिखर येईपर्यंत दुसरी २०० वर उतरली असेल, तर १२००. कराडला कोयना, हरिपूरला वारणा आणि नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेस मिळते. म्हणून धरणातून किती पाणी सोडले याइतकेच ते केव्हा सोडले हेही निर्णायक ठरते.

दुसरी अट अधिक कठीण. कृष्णा चढलेली असता पंचगंगेचे पाणी अडून मागे फुगवटा येतो. तेव्हा पंचगंगेत एकाच विसर्गाला अनेक पातळ्या संभवतात. मस्किंगम पद्धती वरून खाली एकाच दिशेने जाते. तिला खालची बातमी वर नेता येत नाही. त्यासाठी सेंट-व्हेनांची १८७१ ची समीकरणे लागतात: एक वस्तुमानाचे, एक संवेगाचे, आणि ती सर्व शाखांसाठी एकत्र सोडवावी लागतात. संवेगातून जडत्वाची पदे वगळली, तरी पातळीच्या उताराचे पद राखल्यास फुगवटा दिसतो. तेही वगळले, तर दिसत नाही. वाडीच्या परिसरातील, शिरोळच्या मंद उताराच्या प्रदेशात पहिली काटछाट क्षम्य, दुसरी नव्हे. कोयनेच्या तीव्र उताराच्या वरच्या पट्ट्यात दुसरीही चालते.

उरतो प्रतिमानाच्या खालच्या सीमेचा प्रश्न. ती वाडीलाच ठेवली, तर जी पातळी शोधायची तीच गृहीत धरावी लागते. सीमा वाडीच्या खाली कृष्णेवर असलेल्या राजापूर बंधाऱ्यापलीकडे, कर्नाटकातील दूधगंगेच्या संगमाच्याही खाली न्यावी लागते.