‘अकिरा’ची नगरी आणि आपली मुंबई

चित्रांविषयीं नभोवाणीवरून बोलणें हें थोडें विपरीतच आहे. श्रोत्यांना चित्र दिसत नाहीं आणि वक्त्याला श्रोत्यांचे चेहरे दिसत नाहींत. तरीहि ज्या चित्रपटाची हकीकत मी आज सांगणार आहें, ती केवळ डोळ्यांनीं पाहण्याची नाहीं. ती एका शहराच्या इतिहासाची आहे, आणि थोडीशी आपल्या मुंबईच्याहि इतिहासाची आहे. शिवाय तीस वर्षांहून अधिक काळ खडू हातांत धरलेल्या एका शिक्षकाची कबुलीहि तींत आहे.

माझी पुतणी महाविद्यालयांत शिकते. एका दिवाळीच्या सुट्टींत ती वडाळ्याला आमच्या घरीं राहावयास आली असतां तिनें मला ‘अकिरा’ नांवाचा जपानी चित्रपट दाखविला. हा चित्रपट नटनटींचा नव्हे. आरंभापासून अखेरपर्यंत तो हातानें काढलेल्या चित्रांचा आहे. अशा जपानी चित्रपटांना ‘ॲनिमे’ म्हणतात, आणि ज्या छापील चित्रकथांवरून ते पुष्कळदां बेतलेले असतात, त्यांना ‘मांगा’. मी चष्मा पुसून बसलों तो मुलांचा खेळ पाहावयाच्या तयारीनें. पुतणी म्हणाली, “काका, हीं चित्रें लहान मुलांचीं नाहींत हं.” मी हंसलों. दोन तासांनीं उठलों तेव्हां हंसूं मावळलें होतें.

चित्रपटाचा आरंभ १६ जुलै १९८८ या दिवसानें होतो. आणि जपानांत तो प्रथम दाखविला गेला तोहि नेमक्या त्याच दिवशीं. पडद्यावर टोकियो शहर पसरलेलें दिसतें. एकाएकीं एक पांढरा शुभ्र गोल उगवतो, फुगत जातो आणि शहर गिळून टाकतो. त्या वेळीं कसलाहि आवाज होत नाहीं. मग एकतीस वर्षांनंतरचें, म्हणजे २०१९ सालचें, ‘निओ-टोकियो’ दिसतें. समुद्राच्या उपसागरांत भराव घालून तें उभारलेलें आहे. उंच मनोरे, रात्रभर जळणारे दिवे, रस्त्यांवर मोर्चे आणि बंदुका. आणि या साऱ्या गर्दींत अनाथपणीं वाढलेले, शाळेला नकोसे झालेले तरुण मोटारसायकली उडवीत फिरतात. कानेदा आणि तेत्सुओ हे त्यांतले दोन मित्र. लष्कराच्या गुप्त प्रयोगशाळेंत तेत्सुओच्या अंगीं एक अमानुष शक्ति जागी होते, आणि ती त्याला पेलत नाहीं. ज्या अकिरा नांवाच्या मुलाच्या ठायीं हीच शक्ति पूर्वीं प्रकट झाली आणि जुनें टोकियो नाहींसें झालें, त्याचे अवशेष आतां २०२० च्या ऑलिंपिक सामन्यांसाठीं बांधल्या जाणाऱ्या क्रीडांगणाखालीं कांचेच्या बरण्यांत जपून ठेवलेले असतात.

या कथेचा कर्ता कात्सुहिरो ओतोमो. त्याचा जन्म १९५४ सालचा. पाश्चात्त्य देशांत अशा कथांना ‘सायबरपंक’ असें नांव पडलें. यंत्रविद्या आकाशाला भिडली आहे आणि माणूस मात्र गटारांत पडला आहे, असें त्यांचें सार थोडक्यांत सांगतां येईल. विल्यम गिब्सन याची ‘न्यूरोमॅन्सर’ ही या पंथांतली गाजलेली कादंबरी १९८४ सालची. ओतोमोची चित्रकथा तिच्याहि आधीं, डिसेंबर १९८२ मध्यें, सुरू झाली होती.

परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही कथा भविष्यकाळाची वाटत नाहीं. १ सप्टेंबर १९२३ रोजीं भूकंप आणि आग यांनीं टोकियो बेचिराख झालें. तें पुन्हां उभें राहिलें. १९४५ सालच्या ९ मार्चच्या रात्रीं अमेरिकन विमानांनीं त्यावर अग्निबाँब टाकले. एका रात्रींत सुमारें एक लक्ष माणसें मेलीं. त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत हिरोशिमा आणि नागासाकी येथें अणुबाँब पडले. टोकियो पुन्हां उभें राहिलें, आणि १९६४ सालीं तेथें ऑलिंपिक सामने भरले. १९६० सालीं आणि पुन्हां १९६८ च्या सुमारास विद्यार्थ्यांचे लोंढे रस्त्यावर उतरले. आतां ‘अकिरा’चा कथाभाग पुन्हां आठवून पाहावा. तो पांढरा गोल, राखेवरचें नवें शहर, ऑलिंपिकचें क्रीडांगण, ते मोर्चे! ओतोमोनें स्वतः युद्ध पाहिलें नव्हतें. परंतु शहराची आठवण त्याला वारशानें मिळाली होती. त्या आठवणीवर त्यानें पुढची तारीख घातली, इतकेंच.

हें काम झालें कसें, तें ऐकण्यासारखें आहे. कोदांशा या प्रकाशनसंस्थेच्या ‘यंग मॅगझिन’ या नियतकालिकांत ‘अकिरा’ हप्त्याहप्त्यानें छापली जात होती. ती जून १९९० मध्यें संपली, तेव्हां तिचीं पानें दोन हजारांहून अधिक भरलीं आणि सहा जाडजूड खंड झाले. मूळ कथा अर्धवट असतांनाच चित्रपट निघाला आणि ओतोमोनेंच तो दिग्दर्शित केला. पारदर्शक पत्र्यांवर चित्रें रंगवावयाचीं आणि कॅमेऱ्यानें तीं एकेक टिपावयाचीं, ही त्या काळची रीत. ‘अकिरा’साठीं असे सुमारें एक लक्ष साठ हजार पत्रे रंगविले गेले. ३२७ रंगछटा वापरल्या गेल्या आणि त्यांतल्या ५० या चित्रपटासाठीं मुद्दाम तयार केल्या, कारण कथेचा पुष्कळसा भाग रात्रीं घडतो आणि काळोखाच्या छटा नेहमींच्या डब्यांत मिळत नाहींत. जपानांत बहुधा आधीं चित्रें काढून मागाहून आवाज भरीत. येथें संवाद आधीं मुद्रित केले आणि मग बोलणाऱ्यांचे ओंठ काढले. संगीतांत इंडोनेशियांतला गामेलान आणि जपानचें जुनें नो नाट्यसंगीत एकत्र आणलें.

एवढा खर्च आणि एवढे श्रम कोणाच्या जोरावर झाले? माझें उत्तर एकच आहे: वाचकाच्या. हप्त्याहप्त्यानें पैसे मोजून चित्रकथा वाचणारा तरुण आणि प्रौढ वाचकवर्ग जपानांत तयार होता. ओतोमो स्वतः त्याच परंपरेचा पुत्र. मित्सुतेरु योकोयामा याची ‘तेत्सुजिन २८’ ही पोलादी माणसाची चित्रकथा १९५६ सालीं सुरू झाली; तिच्या स्मरणार्थ ओतोमोनें आपल्या नायकांचीं नांवें घेतलीं आणि अकिराला २८ हाच क्रमांक दिला. लहानपणीं वाचलेल्या चित्रकथेचें ऋण मोठेपणीं असें फेडतां येतें, कारण मधल्या काळांत तें वाचन कोणीं लाजिरवाणें ठरविलें नव्हतें.

आतां आपल्या घरीं परत येऊं. चित्राला चालविण्याची विद्या मुंबईला परकी होती काय? मुळींच नाहीं. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं एका रोपाच्या वाढीचीं छायाचित्रें क्रमाक्रमानें घेऊन बियाण्याचें झाड होतांना पडद्यावर दाखविलें, आणि त्याच चमत्काराच्या बळावर भांडवल मिळविलें. ‘राजा हरिश्चंद्र’ची तयारी दादरला झाली आणि ३ मे १९१३ पासून तो गिरगांवांतल्या कॉरोनेशनमध्यें लागला. पुढें दोनएक वर्षांत फाळक्यांनीं ‘आगकाड्यांची मौज’ काढली. निर्जीव काड्या एकेक पाऊल सरकवून, दर वेळीं कॅमेऱ्याचें एकेक चित्र घेऊन त्यांना नाचविलें. जपानांतले चित्रचालनाचे पहिले ज्ञात चित्रपट १९१७ सालचे. म्हणजे दादर आणि टोकियो हीं दोन गांवें या शर्यतींत जवळजवळ एकाच वेळीं उभीं होतीं.

पुढें १९५६ सालीं मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्यें व्यंगचित्रपटांचा विभाग निघाला. डिस्नेच्या चित्रशाळेंत काम केलेले क्लेअर वीक्स तेथें शिकवावयास आले, आणि १९५७ सालीं जातककथेवरचा ‘बॅनियन डियर’ तयार झाला. याच विभागांत राम मोहन नांवाचे एक तरुण लागले. १९७२ सालीं त्यांनीं मुंबईंत स्वतःची चित्रशाळा काढली. त्यांची आणि जपानची गांठ पडली ती मोठ्या योगायोगानें. युगो साको हे जपानी गृहस्थ १९८३ सालीं अलाहाबादेजवळ प्रा. बी. बी. लाल यांनीं केलेल्या उत्खननावर माहितीपट काढावयास आले. तेथें त्यांना रामकथेचें वेड लागलें. रामायण चित्रांतून काढावयाचें ठरलें, तेव्हां परक्या हातांनीं आपल्या दैवतांचें व्यंगचित्र होईल, अशी इकडे ओरड झाली, आणि सरकारनेंहि हात आंखडला. शेवटीं काम जपानांत झालें. राम मोहन आणि कोइचि सासाकि हे दोघे दिग्दर्शक झाले. धोतर कसें नेसतात, मुलगा वडिलांना वांकून नमस्कार कसा करतो, हें भारतीय कलावंतांनीं जपानी चित्रकारांना समजावून दिलें. गीतें वसंत देव यांचीं आणि संगीत वनराज भाटिया यांचें. १९९२ सालीं चित्रपट पुरा झाला. भारतांतल्या चित्रपटगृहांत तो नव्या झळाळीनें लागला, तो जानेवारी २०२५ मध्यें! आपल्याच घरची कथा, आपल्याच शहराचा कलावंत. आणि येथल्या चित्रपटगृहांत असा झळकावयास तेहतीस वर्षें लागलीं.

म्हणजे हात येथें होते. मग सांगण्यासारखी गोष्ट नव्हती काय? १४ एप्रिल १९४४ या दिवसाची आठवण वडाळा, शिवडी, माझगांव येथल्या जुन्या घरांतून अजून सांगितली जाते. त्या दिवशीं दुपारीं चारच्या सुमारास व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावरच्या कापसाच्या आगीनें दारूगोळा पेटला आणि अर्ध्या तासाच्या अंतरानें दोन प्रचंड स्फोट झाले. शेंकडों माणसें मेलीं. त्यांत आग विझवावयास धांवलेले बंबवालेहि होते. गोदीलगतच्या वस्त्या जळाल्या. जहाजावरच्या सोन्याच्या विटा उडून दूरवर पडल्या. आणि नभोवाणीवरून बोलतांना हेंहि सांगावयास हवें, कीं सेन्सॉरमुळें येथल्या बातमीदारांना सविस्तर वृत्त पाठविण्यास मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत परवानगी नव्हती. ही वार्ता जगाला प्रथम दिली ती दुसऱ्याच दिवशीं, जपान्यांच्या ताब्यांतल्या सायगांव रेडिओनें. आपल्या शहरावर उगवलेला तो आगीचा गोल आपल्या आधीं जपान्यांनीं सांगितला!

दुसरी गोष्ट तर ‘अकिरा’च्या अगदीं समकालीन आहे. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार बाहेर पडले. त्याच वर्षाच्या अखेरीस तिकडे ‘अकिरा’चा पहिला हप्ता छापला गेला. लालबाग-परळचे भोंगे थांबले, गिरण्यांच्या जागीं पुढें कांचेचे मनोरे उठले, आणि त्यांच्या सावलींत गिरणगांवचीं मुलें बेकार हिंडूं लागलीं. निओ-टोकियो याहून निराळें काय होतें? या हकीकतीवर मराठींत कविता झाल्या. जयंत पवार यांचें ‘अधांतर’ हें नाटक झालें. परंतु चित्रकथेच्या वाटेला ती गेली नाहीं, कारण चित्रकथा ही पोरखेळाची वस्तु, असें आम्हीं वडीलधाऱ्यांनीं ठरवून टाकलें होतें. माझ्या लहानपणीं ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधला वेताळ मराठींत मिळे. भूगोलाच्या पुस्तकांत लपवून मीं तो वाचला, आणि सांपडलों तेव्हां छडीहि खाल्ली. ‘इंद्रजाल’ १९९० सालीं बंद पडलें, तें ‘अकिरा’चा शेवटचा हप्ता निघाला त्याच वर्षीं.

छडी खाल्लेल्या मुलानें मोठेपणीं काय करावें? मीं तेंच केलें. १९९६-९७ सालीं सातवीच्या वर्गांत भूगोल शिकवितांना मागच्या बाकावरचा एक मुलगा वहींत कांहीं काढीत होता. त्याचे वडील गिरणीकामगार. गिरणी बंद झालेली. मीं वही ओढून घेतली, सर्व वर्गासमोर त्याला बोललों, आणि ती मेजाच्या खणांत टाकली. वर्षअखेर घेऊन जा म्हणून सांगितलें. तो आला नाहीं. पुढच्या वर्षीं शाळेंतहि दिसला नाहीं. मीं चौकशी केली नाहीं.

सेवानिवृत्तीच्या दिवशीं खण रिकामा करतांना ती वही हातीं आली. मीं ती प्रथमच नीट पाहिली. वडाळ्याचीं मिठागरें, त्यांवर उंचच उंच इमारती, आणि माडीच्या उंचीवरून एकाच तुळईवर धांवणारी आगगाडी. खालीं रॉकेलच्या स्टोव्हपाशीं बसलेलीं माणसें. कोपऱ्यांत गिरणीची चिमणी, आणि तिच्याखालीं बारीक अक्षरांत एक वाक्य: ‘भोंगा वाजतो, पण कामाला कोणी जात नाहीं.’ फेब्रुवारी २०१४ मध्यें वडाळ्याहून चेंबूरकडे मोनोरेल धांवूं लागली होती, आणि मार्च २०१९ मध्यें, ‘अकिरा’त सांगितलेल्याच सालीं, ती गिरण्यांच्या भागांतून सातरस्त्यापर्यंत गेली. मुलानें तें सतरा वर्षें आधीं काढलें होतें. भविष्य ओळखलें म्हणून मी त्याला शाबासकी देत नाहीं. स्वतःच्या घरांत जें घडत होतें, तें त्यानें डोळे उघडे ठेवून पाहिलें होतें. आणि शिकविणारा मी असून मीं पाहिलें नव्हतें.

फाळक्यांच्या शहरांत हातांचा तोटा कधींच नव्हता. त्या हातांना थांबून पाहणारे डोळे हवे होते, आणि ते प्रत्येक घरांत व प्रत्येक वर्गांत हवे होते. आपल्या मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर जें असेल, तें रागावण्याआधीं एकदां वाचावें, एवढीच श्रोत्यांना माझी विनंति.

ती वही अजून माझ्याजवळ आहे. ज्याची आहे त्याचें नांव मी येथें घेत नाहीं. परंतु तो कोठें ऐकत असला, तर त्यानें येऊन ती घेऊन जावी. आतां गुरुजी रागावणार नाहींत.