बिनभिंतीच्या तुरुंगाची कुळकथा

सांगली जिल्ह्यात, आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर नावाची वस्ती आहे. नावावरून कुणा स्वातंत्र्यसैनिकाने वसवलेलं गाव वाटावं. प्रत्यक्षात ती कारागृह विभागाची खुली वसाहत आहे. इथले रहिवासी सजा झालेले कैदी, त्यात खुनाची जन्मठेप लागलेलेही. दिवसभर ते शेतात राबतात आणि दिवस मावळला की बराकीत नव्हे, बायकापोरांत परततात. माणदेशातल्या दुष्काळी माळावर हे भलतं धाडस १९३९ साली सुरू झालं. त्याची कुळकथा सांगायची तर आधी पोरांकडे वळावं लागतं, कारण गुन्हेगाराला सुधारता येतं ही कल्पना आपल्या कायद्यात शिरली ती पोरांचं बोट धरून.

१८५० साली कंपनी सरकारने उमेदवारीचा कायदा केला. दहा ते अठरा वर्षांच्या, किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या मुलाला तुरुंगात न धाडता कारागिराच्या हाताखाली धंदा शिकायला ठेवायचं, हा त्याचा एक हेतू. १८५७ साली मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली. १८७६चा आणि मग १८९७चा सुधारशाळा कायदा आला. तिकडे अमेरिकेत शिकागोला १८९९ साली मुलांचं वेगळं न्यायालय उभं राहिलं आणि ती लाट इथे पोचायला वीस वर्षं लागली: १९२० साली मद्रास, १९२२ साली बंगाल, १९२४ साली मुंबई इलाखा.

या कनवाळूपणाची दुसरी बाजूही सांगायला हवी. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. १९११ साली तो देशभर लागू करण्याची सोय झाली, आणि त्यात या जमातींची मुलं आईबापांपासून तोडून सुधारवस्तीत ठेवण्याची तरतूद होती. ‘सुधारणा’ हा शब्द सरकारच्या तोंडी आला की जरा सावध राहावं, ते यासाठी.

मोठ्यांच्या कोर्टाचा सवाल एकच असतो: केलंस की नाही? केलं असेल तर कलम आणि कलमापुढची वर्षं. मुलांच्या बाबतीत आणखी प्रश्न येतात: घरी कोण आहे, शाळा कधी सुटली, संगत कुणाची. आजच्या बाल न्याय मंडळाची नुसती मांडणी बघितली तरी हा फरक कळतो. नियमांप्रमाणे मंडळाला उंच चौथऱ्यावर बसता येत नाही. साक्षीदाराचा पिंजरा नाही, मधे कठडा नाही. मुलाला बेडी घालायची नाही. त्याच्याशी वागणारा पोलीस साध्या कपड्यांत असला पाहिजे. समोर एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक, त्यांतली एक तरी बाई. मुलाचं नाव छापायला बंदी. आपल्याकडे या सगळ्याला अजूनही सरसकट ‘रिमांड होमची केस’ म्हणतात.

आता परत स्वतंत्रपुराकडे, म्हणजे आधी औंधला. सातारा जिल्ह्याच्या आसपास विखुरलेलं, बहात्तर गावांचं हे चिमुकलं संस्थान, आटपाडी त्यातलीच. राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे प्रचारक, स्वतः चित्रकार. याच संस्थानात १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीची राखण दिली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं लोक म्हणाले असतील. कारखाना मात्र वाढला. स्वतंत्रपुराची मुळं शोधताना या राखणदारांना मी वगळणार नाही.

१९३८ साली भवानरावांनी राज्यकारभार रयतेच्या हाती सोपवण्याचं जाहीर केलं. गांधीजींच्या सल्ल्याने घटना तयार झाली आणि जानेवारी १९३९ मध्ये लागू झाली. राजपुत्र अप्पासाहेब पंत नुकतेच बॅरिस्टर होऊन आलेले. त्यांच्यासोबत होते मॉरिस फ्रीडमन, वॉर्सात जन्मलेले पोलिश ज्यू अभियंते. म्हैसूर सरकारचा विजेच्या सामानाचा कारखाना चालवायला बंगळुरूला आले आणि भारतानंद होऊन राहिले. धनुष तकली त्यांनीच काढली. पुढे निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं इंग्रजीत नेली तीही यांनीच. कैद्यांना तुरुंगाबाहेर काढून जमीन कसायला द्यावी, ही कल्पना फ्रीडमन यांची. राजांनी ती उचलून धरली. उघडे तुरुंग जगात नवे नव्हते: स्वित्झर्लंडमध्ये विट्झविलला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कैदी शेती करत होते, इंग्लंडमध्ये वेकफील्डजवळ १९३६ साली तळ पडला होता. पण तिथे मागे धनाढ्य सरकारं होती. इथे आटपाडीचा माळ, पावसाचा भरवसा नाही, आणि तिजोरी बेताची.

चारच वर्षांनी याच मुलखात न्यायाचा अगदी वेगळा अवतार दिसला. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने १९४३ पासून गावोगाव न्यायदान मंडळं चालवली. गुंडांना, दरोडेखोरांना, खबऱ्यांना तळपायावर मार बसे. लोकांनी त्याला ‘पत्री सरकार’ केलं ते उगाच नाही. या चळवळीचं एक मोठं केंद्र कुंडल, आणि कुंडल औंध संस्थानातलं! म्हणजे एकाच राजाच्या हद्दीत एकीकडे कैद्याच्या हाती नांगर, दुसरीकडे गुन्हेगाराच्या तळव्यावर काठी. कायदाच शत्रूचा असताना भूमिगतांनी दुसरं काय करायचं होतं, हा प्रश्न रास्त आहे. तरीही टिकलं ते स्वतंत्रपूर. १९४८ साली औंध मुंबई राज्यात विलीन झालं, राजा गेला, घटना गेली, पण वसाहत कारागृह खात्याकडे राहिली.

देशाला ती माहीत झाली सिनेमामुळे. १९५७ साली व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ आला. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक आणि पुढच्या वर्षी बर्लिनचं रौप्य अस्वल घेऊन गेला. कथा गदिमांची. ते आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे, औंध संस्थानात शिकलेले. सिनेमा थोरच, पण एक तक्रार आहे. त्यात सहा खुनी सुधारतात ते जेलरच्या नजरेच्या धाकाने आणि मायेने, जणू सगळा चमत्कार एका संताचा. स्वतंत्रपुरात संत येतील आणि बदलून जातील. माणसाला बांधून ठेवतं ते घर आणि उभं पीक. पोरगं शाळेतून यायच्या वेळेला कोण पळून जाईल? राज्यात पुढे येरवडा, पैठणलाही खुली कारागृहं झाली. कुटुंबासह राहण्याची सोय मात्र आटपाडीची खासियत.

पोरांसाठी निघालेली सवलत स्वतंत्रपुराने थोरांना दिली. नंतर वारं उलटं फिरलं. २०००च्या कायद्याने मुलगा-मुलगी दोघांसाठी अठरा वर्षांची रेघ आखली. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत घडलेल्या सामूहिक बलात्कार प्रकरणातला एक आरोपी अठराच्या आतला निघाला, त्याला तीनच वर्षं मिळाली आणि देश खवळला. २०१५चा कायदा आला: सोळा ते अठरा वयाच्या मुलावर, किमान सात वर्षांची शिक्षा असलेल्या गुन्ह्याचा आरोप असेल, तर प्राथमिक मूल्यमापन करून त्याचा खटला मोठ्यांप्रमाणे चालवता येतो. फाशी किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप मात्र देता येत नाही. म्हणजे कायदा कडक झाला, तरी पुरता निबर झाला नाही.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातात दोन तरुण अभियंते गेले. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीनाला काही तासांत जामीन मिळाला आणि अटींमध्ये तीनशे शब्दांचा निबंध होता. लोक संतापले ते योग्यच. चूक सुधारणेच्या कल्पनेत नव्हती, ती घाईघाईने उरकण्यात होती. मुलाला सुधारणं हे मोठ्याला कोंडण्यापेक्षा जास्त वेळखाऊ आणि खर्चिक काम आहे. निबंधावर भागत नाही.

हे काम करणारे, बाल न्याय मंडळातले ते दोन समाजसेवक आकाशातून पडत नाहीत. मुलांचं शिक्षण, आरोग्य किंवा कल्याण या कामाचा सात वर्षांचा अनुभव असलेल्या माणसांतून ते निवडले जातात. मुदत तीन वर्षांची. सातारा-सांगलीत अशा शिक्षकांची, डॉक्टरांची, बाया-बापड्यांची वाण नाही. पुढच्या वेळी जाहिरात निघेल तेव्हा अर्ज करा.