आजोबा, नातू आणि बोरघाटाचे इंजिन

नोकरीनिमित्त दिल्लीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत हिवाळ्याच्या दिवसांत आजी-आजोबांचे आगमन हा एक लहानसा सणच असतो. पुण्याहून, नाशिकहून किंवा नागपूरहून ते येतात, आणि दोन-चार दिवसांनी आईवडील कचेरीत गुंतले असता नातवांना घेऊन एक दिवस बाहेर पडतात. कोठे जावयाचे, हा प्रश्न मात्र सोपा नसतो. कुतुबमिनार आणि लाल किल्ला पाहताना आजोबांचे मन भरते. पण नातवांचे पाय दुखू लागतात. पुराण्या किल्ल्याच्या कुशीत १९५९ साली उघडलेले प्राणिसंग्रहालय मुलांना आवडते; परंतु वाघापुढे आजोबांनी सांगण्यासारखे फारसे नसते. दोन्ही पिढ्यांचे सारखेच समाधान होईल असे एक ठिकाण दिल्लीत आहे. ते म्हणजे चाणक्यपुरीतील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय.

या संग्रहालयाची कोनशिला १९७१ साली राष्ट्रपती वराहगिरी वेंकट गिरी यांच्या हस्ते बसविण्यात आली आणि १९७७ च्या फेब्रुवारीत ते लोकांसाठी खुले झाले. मायकेल ग्रॅहम सॅटो या इंग्रज रेल्वेप्रेमीने ठिकठिकाणच्या कारखान्यांतून आणि शेडमधून जुनी इंजिने हुडकून काढण्यास मोठे साहाय्य केले. भट्टीत वितळावयाची यंत्रे अशा रीतीने वाचली. उघड्या आवारात ती रुळांवर उभी आहेत आणि त्यांच्यामधून मुलांची छोटी गाडी शीळ घालीत फिरते. नातवांच्या दृष्टीने सहलीचे सार्थक या गाडीतच होते. परंतु आमच्या मते खरी सहल ती गाडी थांबल्यावर सुरू होते.

प्रथम मुले थबकतात ती पतियाळाच्या एकरुळी गाडीपाशी. १९०७ साली पतियाळा संस्थानात सुरू झालेली ही गाडी एकाच रुळावरून धावे. डब्याचा जवळजवळ सारा भार त्या रुळावर. तोल सांभाळण्यासाठी एका बाजूस मोठे चाक, आणि ते मात्र साध्या रस्त्यावरून फिरे. आरंभी ती ओढावयास खेचरे जुंपीत. पुढे मोटारी आल्या, आणि १९२७ साली ती बंद पडली. तिच्यासाठी इंजिने घडविली ती ऑरेनस्टाइन आणि कोपेल या जर्मन कारखान्याने. आणि येथेच मराठी आजोबांना बोलण्यास पहिला धागा सापडतो. कारण याच आवारात त्याच कारखान्याचे दुसरे एक छोटे इंजिन आहे, आणि ते आहे माथेरानचे!

नेरळ ते माथेरान ही दोन फूट रुंदीची वाट याच १९०७ साली खुली झाली. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी ती बांधविली. माथेरानची ती नागमोडी वळणे, गाडीबरोबर चालत येणारी माकडे आणि पायी चालणाऱ्यानेही गाठावी अशी तिची गती, हे सारे आजोबा रंगून सांगू लागतात. त्यांच्या लहानपणी हीच वाफेची इंजिने त्या डोंगरावर धापा टाकीत होती. दिल्लीत जन्मलेल्या नातवाला आतापर्यंत माथेरान हे नुसते नाव होते. आता त्याला चाके फुटतात.

परंतु आजोबांचा आवाज ज्याच्यापुढे खरोखर बदलतो, ते इंजिन निराळेच. दोन्ही टोकांना लांब नाके, मध्ये चालकाची खोली आणि चाकांना जोडणारे जाड दांडे असलेल्या या विद्युत् इंजिनाला जगभर ‘मगर’ म्हणतात. आपल्याकडील कामगारांनी मात्र त्याचे नाव ठेविले ‘खेकडा’. उभे असताना ते कण्हल्यासारखा आवाज करी. १९२८ पासून ही इंजिने स्वित्झर्लंडमधून व इंग्लंडमधून आली आणि पुढील सहा दशके बोरघाटाशी त्यांचे नाते जडले. “आजोबा, हे चावतं का?” असे धाकटा विचारतो. “चावत नाही रे, ढकलतं!” असे आजोबा म्हणतात, आणि मग कर्जतची कथा सुरू होते.

पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबे. पुढचा चढ सदतिसास एक इतका अवघड. म्हणून मागून ढकलण्यासाठी जादा इंजिने लावीत. तेवढ्या वेळात फलाटावर गरम बटाटेवड्यांची एकच गर्दी होई. येथे आजी आजोबांच्या हातून कथा काढून घेतात. कारण वड्याची चव, खिडकीतून घाईघाईने दिलेले पैसे आणि बोगदा येताच मुलांनी केलेला कल्लोळ हा इतिहास त्यांच्या स्वाधीन असतो. इंजिन लावण्याच्या विलंबातून एका स्टेशनचा वडा महाराष्ट्रात प्रसिद्ध व्हावा, ही गोष्ट कोणत्या फलकावर लिहावयाची? ती सांगावयास आजीच हवी.

कथा येथेच संपली तर मुले खूष होतील. पण इतिहास अर्धा राहील. भारतातील पहिली प्रवासी गाडी १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्यास गेली, हे शाळेतील प्रत्येक मुलास ठाऊक असते. त्या प्रवासात चौदा डबे होते आणि तोफांची सलामी होती. तीच लोहमार्गाची वाट सह्याद्री चढून वर न्यावयाची, तेव्हा तोफा नव्हत्या, सुरुंग होते. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाट फोडला गेला. सुमारे पंधरा मैलांत अठराशे फुटांहून अधिक चढ, आणि वाटेत पंचवीस बोगदे! १८६१ च्या आरंभी त्या कामावर चाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती. पटकीने, तापाने आणि दरडींनी त्यांतील हजारो दगावली. सॉलोमन ट्रेडवेल हा ठेकेदार १८५९ साली येथे आल्यावर काही आठवड्यांतच मरण पावला, आणि त्याची पत्नी ॲलिस हिने तो ठेका चालवून काम पुरे करविले. तिचे नाव ग्रंथांत राहिले. ज्यांनी दोरांवर लोंबकळत कातळास भोके पाडली त्यांची नावे राहिली नाहीत.

एवढ्याशा मुलांना हे सांगावे काय, असा प्रश्न कोणी करील. आमच्या मते अवश्य सांगावे, आणि ते आजोबांनीच सांगावे. मास्तरांनी सांगितले तर तो धडा होतो. आजोबांनी सांगितले तर ती घरातली गोष्ट होते. “मी वडा खात होतो, त्या बोगद्यासाठी माणसे मेली,” हे वाक्य ज्याने तो वडा खाल्ला त्याच्या तोंडी जसे शोभते, तसे दुसऱ्या कोणाच्या नाही. मुले क्षणभर गप्प होतात आणि मग छोट्या गाडीत पुन्हा बसावयाचा हट्ट धरतात. त्यात वावगे काही नाही. ती शांतता एका क्षणाची असली, तरी ती रुजते.

संग्रहालय लोखंड जपू शकते. गंज खरवडून, रंग देऊन, फलकावर सन आणि वजन लिहून ते आपले काम चोख करते. पण हे इंजिन घाटात कसे कण्हत असे, हे फलक सांगू शकत नाही. खेकड्याची ही इंजिने १९९० च्या दशकात कायमची विसावली. त्यांच्या गाड्यांतून प्रवास केलेली पिढी आज आजी-आजोबांच्या वयाची आहे, आणि कोळशाचे कण डोळ्यांत गेल्याची आठवण असणारी माणसे तर दर वर्षी कमी होत आहेत. आणखी वीस-पंचवीस वर्षांनी ते इंजिन तेथेच उभे असेल. परंतु त्याच्याशी बोलणारे कोणी नसेल.

दूर देशी वाढणाऱ्या मराठी मुलांच्या बाबतीत ही निकड अधिक आहे. सह्याद्री त्यांच्या खिडकीतून दिसत नाही. घाट हा शब्द त्यांना यमुनेच्या काठी ऐकू येतो. त्यांना आपला घाट भेटतो तो चाणक्यपुरीच्या आवारात, आजोबांचे बोट धरून. म्हणून ज्या श्रोत्यांच्या घरी या हिवाळ्यात आजी-आजोबा आले असतील, त्यांनी एक दिवस मोकळा ठेवावा. पाण्याची बाटली, दशम्यांचा डबा आणि दुपारचे कोवळे ऊन एवढी सामग्री पुरे आहे. छोट्या गाडीची तिकिटे आधी काढावीत, म्हणजे मुलांचे मन स्थिर राहते. त्यानंतर खेकड्यापुढील एखाद्या बाकावर आजोबांना बसवावे, आणि त्यांना घाई करू नये.