टायरच्या कडेवर लिहिलेला इतिहास

मंडळी, ह्या वीकांताचा विषय काळा, गोल आणि वरवर पाहता कंटाळवाणा आहे. पण शेवटपर्यंत या, वाया जाणार नाही.

आमच्या पाचूबंदरला जून-जुलैत मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात आणि त्यांच्या कडेला जुने टायर लटकत असतात. धक्क्याला किंवा शेजारच्या होडीला लाकूड घासू नये म्हणून. लहानपणी मला वाटायचं, टायर ही मुळात होडीचीच वस्तू आहे, गाडीवाले ती उगाच रस्त्यावर झिजवतात :-)

आता मी स्वतःच गाडीवाला झालोय. तीन-चार वर्षांपूर्वी एक सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय घेतली. चाकणला बनलेली, १०५ पीएसची. खऱ्या स्पोर्ट्स कारवाले हसतील, हसू द्या. आपल्या पगारात आणि आपल्या रस्त्यावर स्पोर्ट्स कार ती हीच. वसई ते ऐरोली रोज. हायवे, वर्सोवा पूल, फाउंटनला डावीकडे, मग घोडबंदर रोडची भक्ती.

तर २०२४ च्या जुलैत, सकाळी, हायवेवर ताशी ९० च्या आसपास असताना गाडी अचानक हलकी झाली. स्टीअरिंग फिरतंय, पण गाडीला त्याचं काहीच सोयरसुतक नाही. शेजारी ताई बसली होती. सगळा प्रकार दोनेक सेकंदांचा. मग चाकांना पुन्हा रस्ता सापडला. ताई काही बोलली नाही. फाउंटनला पोचल्यावर फक्त एवढंच म्हणाली, "टायर कधी बदलले होतेस रे?"

मी बदललेच नव्हते. आधीच्या मालकाने घातलेले तेच चालवत होतो. संध्याकाळी उकिडवं बसून पहिल्यांदा टायरची कड नीट वाचली. तिथे लंबगोलात शेवटचे चार आकडे होते : ३११८. म्हणजे २०१८ सालचा ३१ वा आठवडा. टायर सहा वर्षांचा, रबर कडक झालेलं, आणि खाचा जेमतेम दोन मिलिमीटर. कायद्याला १.६ चालतात, म्हणजे मी कायदेशीररीत्या तरंगत होतो!

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. "१८५/६० आर १५ ना? की २०५ टाकू? लूक येईल." मग दहा कंपन्यांची नावं आणि दहा किमती. मी इंजिनिअर माणूस, मला निर्णयाआधी डॉक्युमेंटेशन लागतं. ते टायरच्या कडेवरच होतं, फक्त ते इतिहासाच्या भाषेत होतं.

सुरुवात 'आर' पासून करू. हवेच्या टायरचं पेटंट रॉबर्ट थॉमसन ह्या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच घेतलं होतं, पण ते विस्मरणात गेलं. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉपने मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर पुन्हा शोधला. त्यानंतर कित्येक दशकं आतले धागे तिरके, एकमेकांना छेद देत जायचे. हाच क्रॉस-प्लाय. त्यात बाजूची भिंत दबली की रस्त्यावर टेकणारा पट्टाही वाकडा व्हायचा. १९४६ मध्ये मिशलँने धागे सरळ आडवे टाकले आणि वरून स्टीलचा पट्टा गुंडाळला. आता भिंत हवी तेवढी दबो, पट्टा रस्त्यावर सपाट. हा झाला रेडियल, म्हणजे 'आर'.

'६०' म्हणजे टायरची उंची त्याच्या रुंदीच्या साठ टक्के. हे वळण रेसिंगमधून आलं. सत्तरच्या दशकात पिरेलीने लान्चिया स्ट्रॅटोस ह्या रॅलीच्या गाडीसाठी पी-७ नावाचा रुंद आणि ठेंगणा टायर केला, मग तो पोर्शे ९११ टर्बोवर आला. भिंत बुटकी म्हणजे वळणावर लचक कमी. रुंदी मिलिमीटरमध्ये आणि रिम इंचांत, ही खिचडी युरोप-अमेरिकेच्या भांडणाचा वारसा. शेवटचा 'एच' म्हणजे ताशी २१० पर्यंतची हमी. घोडबंदरला त्याचा उपयोग काय ते विचारू नका.

हे सगळं जगात चालू होतं तेव्हा आपल्याकडे काय होतं? आमच्या आळीत एक तात्या आहेत, आयुष्यभर मुंबईत टॅक्सी चालवली. त्यांना विचारलं, तुम्ही टायर कसा निवडायचात? तात्या हसले. "निवडायचा? मिळेल तो घालायचा. नाय मिळाला तर रिमोल्ड."

तात्यांची गाडी म्हणजे अर्थातच पद्मिनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला फियाट ११०० बनायला लागली आणि पुढे तिचीच पद्मिनी झाली. तिचा टायर ५.२०-१४. म्हणजे रुंदी सव्वापाच इंच, रिम चौदा, बास. त्यात 'आर' नाही, ६० नाही, गतीचं अक्षर नाही. कडेवर लिहायला फारसं काही नव्हतं, कारण निवडायलाही फारसं काही नव्हतं.

देशात डनलॉपचा कारखाना १९३६ पासून बंगालमध्ये साहागंजला होता, मुंबईत शिवडीला फायरस्टोन. १९५८ मध्ये सीएट आली आणि भांडुपला टायर बनू लागले. गंमत म्हणजे सीएट हे नाव मूळ इटालियन, आणि त्याचा अर्थ 'तुरिनच्या विजेच्या केबली आणि तत्सम वस्तू' असा आहे. टायरचा उल्लेखच नाही! आणि रिमोल्डला नाकं मुरडू नका. फुगे बनवणारी मद्रास रबर फॅक्टरी १९५२ मध्ये ह्या धंद्यात शिरली तीच जुन्या टायरवर चढवायच्या रबराने, नवे टायर नंतर आले. जेके टायरने भारतात रेडियल आणला १९७७ मध्ये, म्हणजे मिशलँनंतर तीस वर्षांनी. खड्डे आणि ओव्हरलोड गाड्यांमुळे लोकांचा जाड भिंतीच्या नायलॉनवरच जास्त भरवसा होता. तेव्हाच्या रस्त्यांना ते उत्तर योग्यच होतं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेमुळे बंद झाली.

मुद्दा असा, की टायर नेहमी कुणाच्या तरी रस्त्यासाठी घडलेला असतो. मग माझा रस्ता कोणता? वर्षातले चार महिने पाण्याखाली असलेला.

ह्या प्रश्नाचं सगळ्यात सोपं उत्तर मला सापडलं ते विमानांच्या जगात. साठच्या दशकाच्या सुरुवातीला नासाच्या लँग्ली केंद्रात वॉल्टर हॉर्न आणि मंडळी ओल्या धावपट्टीवर विमानं का घसरतात ते तपासत होती. त्यांचा ठोकताळा आपल्या एककांत असा : टायरमधल्या हवेच्या दाबाचं (पीएसआय) वर्गमूळ घ्या, त्याला सुमारे १६.६ ने गुणा. येतो तो ताशी किलोमीटरमधला वेग, जिथे टायर पाण्यावर चढतो. ३३ पीएसआयला साधारण ९५. दाब २५ वर उतरला असेल तर ८३. मी ९० ला होतो आणि हवा कधी तपासली होती ते आठवत नव्हतं. पुढचं गणित तुम्ही करा.

पण हा हिशेब रस्त्यावरचं पाणी टायरच्या खाचांपेक्षा खोल असेल तेव्हाचा. खाचा पुरेशा खोल असतील तर पाण्याला निघायला वाट असते आणि थोडी उसंत मिळते. आणि इथेच २०५ चा मोह सुटला. २०५/५५ आर १५ चा व्यास मूळ टायरपेक्षा जेमतेम अर्धा टक्का जास्त, स्पीडोमीटरही फसत नाही. कोरड्यात मजा येईल. पण रुंद टायरला तेवढंच जास्त पाणी बाजूला सारावं लागतं.

उरला रबराचा प्रश्न. रबर मुळात दुधाळ रंगाचं, काळेपणा आला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, टिकाऊपणासाठी काजळी मिसळायला लागल्यावर. पण टायर सहज लोळावा, म्हणजे मायलेज द्यावं, असं रबर केलं की ओल्यातली पकड जाते, आणि पकड वाढवली की मायलेज जातं. १९९२ मध्ये मिशलँने काजळीऐवजी बरीचशी सिलिका वापरून ह्या भांडणात तडजोड घडवली.

युरोपात नोव्हेंबर २०१२ पासून प्रत्येक नव्या टायरवर ओल्या पकडीची श्रेणी छापलेली असते. आपल्याकडे ओल्या पकडीची किमान अट आली ती नव्या डिझाइनना ऑक्टोबर २०२२ पासून आणि आधीच्या डिझाइनना एप्रिल २०२३ पासून. कोकणात पाऊस त्याआधीही पडत होता! माझे २०१८ चे टायर ह्या अटीच्या आधीचे.

तर निर्णय असा झाला. माप मूळचंच, १८५/६० आर १५. स्पोर्टी नक्षीचा नाही, तर रुंद सरळ खाचांचा. कंपनीपेक्षा आधी तारीख पाहिली. दुकानदाराने पहिल्यांदा काढलेला जोड दीड वर्ष जुना निघाला, तो परत ठेवायला लावला. चारही एकदम बदलले. खिशाला बोचलं, पण दोन नवे आणि दोन टकले म्हणजे अर्धी गाडी तरंगणारच. आता दर पंधरा दिवसांनी हवा, आणि खाचा तीन मिलिमीटरवर आल्या की पुढचा सेट. कायदा १.६ म्हणतो, म्हणू दे.

पहिल्या पावसात मुद्दाम ताईला घेऊन गेलो. ती बोलली नाही, पण ह्या वेळी खिडकीबाहेर बघत होती.

जुने चार टायर काकाला दिले. नारळी पौर्णिमेच्या आधी होडीला हवेच होते. काकाने खाचेत अंगठा फिरवून बघितलं. "अजून बरे आहेत की रे!"

"होडीला बरे आहेत, काका."

असो. तूर्तास इतकंच. आज खाली उतरलात की आपल्या टायरवरचे शेवटचे चार आकडे तेवढे वाचा.